कुंड्यांची वही

माझ्या टेबलावर सध्या दोन वह्या असतात. एकीत मी लेख लिहिते आणि दुसरीत गॅलरीतल्या कुंड्यांच्या नोंदी ठेवते. पहिली वही बराच काळ कोरी होती, आणि ती कोरी का आहे हे सांगण्यात मी इतकी वाकबगार झाले होते की त्या कारणांचाच एक लेख सहज झाला असता. दुसरी वही सुरू झाली ती निव्वळ सोयीसाठी. घरात पाणी घालणारी माणसे दोन असली की एका कुंडीला दोनदा पाणी मिळते आणि दुसरीला मिळतच नाही, म्हणून तारीख, कुंडी आणि पाणी घातले की नाही एवढे लिहून ठेवायचे असे आम्ही ठरवले. पहिली वही पुन्हा भरू लागली ती या दुसऱ्या वहीमुळे. झाडांमुळे, असे मी मुद्दामच म्हणत नाही. झाडे घरात पूर्वीपासून होती आणि त्यांनी मला कधी एक ओळही लिहायला लावली नव्हती. लिहायला लावले ते त्यांच्या नोंदींनी.

मराठीत ललित लिहिणाऱ्याचे वर्ष दिवाळी अंकांभोवती फिरते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्याला शतकाहून अधिक काळ लोटला, तरी रीत फारशी बदललेली नाही. उन्हाळ्यात संपादकांचे पत्र, हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप, येतो. आषाढ-श्रावणात मजकूर द्यायचा असतो. आणि मधल्या काळात लेखकाने विषय मनात घोळवायचा असतो. माझ्या मनात विषय घोळत नव्हते असे नाही, पण जो विषय घ्यावा तो आठवणीत शिरे, आणि आठवणी तर लिहून झालेल्या होत्या. आजोळचे अंगण, परीक्षेनंतरचा मे महिना, लोकलच्या डब्यातल्या बायका, पहिला पाऊस. एखाद्या वाक्याची सुरुवात करताच त्याचा शेवट मला ठाऊक असे, आणि शेवट ठाऊक असलेले वाक्य लिहिण्याचा कंटाळा येई. अशा वेळी लोक शिस्तीचा उपाय सुचवतात: रोज पहाटे उठावे, ठरलेले शब्द लिहावेत, मन लागो न लागो. मी तो करून पाहिला. शब्द झाले, त्यांतले ठेवावेत असे फार थोडे निघाले.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या ज्या रोपवाटिकेतून मी माती आणि गांडूळखत आणते, तिथले गृहस्थ गिऱ्हाइकाच्या हाती रोप देताना एक सूचना न चुकता करतात. ‘ताई, झाडानं मान टाकली म्हणून लगेच पाणी घालू नका. आधी मातीत बोट घाला.’ या सूचनेमागचे कारण समजून घेतले तेव्हा माझ्या नोंदी बदलल्या. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यांत हवा असते, आणि मुळांना श्वसनासाठी ती लागते. सतत पाणी घातले की त्या पोकळ्या पाण्याने भरून जातात, मुळे गुदमरतात, कुजू लागतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही. म्हणजे भोवती पाणी असूनही वरची पाने तहानलेल्या झाडाच्या पानांप्रमाणेच लोंबू लागतात. पाहणाऱ्याला वाटते झाड सुकले. तो आणखी पाणी घालतो.

एकाच लक्षणाची दोन परस्परविरुद्ध कारणे असतील तर वहीत ‘पाने सुकली’ एवढे लिहून काहीच कळत नाही. मग लिहावे लागले की देठ मऊ पडला आहे की पान कडेने कुरकुरीत झाले आहे. माती बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत कोरडी लागते की पहिल्याच पेराला ओल लागते. कुंडी उचलून पाहिली तर हलकी वाटते की जड. पिवळेपणाचेही तसेच. नत्र कमी पडले की खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात, कारण झाड त्यांतले नत्र काढून वरच्या नव्या पानांना पुरवते. लोह कमी पडले की कोवळी पाने फिकट होतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण जुन्या पानांतले लोह झाडाला तितक्या सहज हलवता येत नाही. तेव्हा पिवळेपणा खालून वर चढतो आहे की वर सुरू झाला आहे, हे पाहिल्याखेरीज खताच्या पिशवीला हात लावण्यात अर्थ नसतो. सुकलेले पान आणि पिवळे पान ललित लेखनात मी कित्येकदा वापरलेले आहे. ते कोणत्या बाजूने पिवळे झाले, असे मला कोणत्याही वाचकाने किंवा संपादकाने विचारले नव्हते. झाडाने मात्र विचारले, म्हणजे नोंद ढिली झाली की त्याचा परिणाम आठवडाभरात कुंडीत दिसू लागला. नेमके लिहिण्याला असा तातडीचा अर्थ असतो हे मी विसरले होते.

गॅलरीच्या कोपऱ्यात एका जुन्या बादलीत वडीचे अळू आहे. अळूला पाण्याचे वावडे नाही, उलट त्याला पायाशी ओल लागते, त्यामुळे त्याच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नसे. पावसाळ्यात एकदा सकाळी त्याच्या प्रत्येक पानाच्या टोकाला एकेक थेंब लोंबताना दिसला. रात्री पाऊस नव्हता, आणि असता तरी त्या कोपऱ्यात वरच्या मजल्याच्या गॅलरीमुळे पाऊस पोहोचत नाही. दव म्हणावे तर ते पानभर पडायला हवे होते. मी तेवढे लिहून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर पाहायला गेले, थेंब होताच. नऊच्या सुमारास तो नव्हता. पुढे एका कोरड्या वाऱ्याच्या दिवशी तो पहाटेही दिसला नाही, तेही लिहिले. नंतर वाचून कळले की वनस्पतिशास्त्रात याला बिंदुस्राव म्हणतात. दिवसा पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडत असते; रात्री ती रंध्रे मिटतात, पण ओल्या मातीतून मुळांचे पाणी ओढणे चालूच राहते, आत दाब वाढतो आणि जादा पाणी पानाच्या टोकाशी व कडांशी असलेल्या वेगळ्या छिद्रांतून थेंबाथेंबाने बाहेर येते. हवा दमट असली आणि माती ओली असली की हे अधिक दिसते, आणि ठाण्याचा जुलै या दोन्ही बाबतींत उदार आहे.

अळवावरचे पाणी आपण पिढ्यानपिढ्या क्षणभंगुरतेचा दाखला म्हणून वापरत आलो आहोत. ते पाणी वरून पडणारे आणि न भिजवता घरंगळून जाणारे. इथे बादलीतल्या अळवाने स्वतःच पाणी बाहेर काढले होते, तेही रोज, वेळेवर, आणि माझ्या घरात ते इतकी वर्षे होत असणार. त्या दिवशीची नोंद दीड पान झाली. ती कोणी वाचणार नव्हते, तरी तिच्यातले एक वाक्य मनासारखे बसेना म्हणून मी ते पुन्हा पुन्हा बदलत राहिले आणि स्वयंपाकाला उशीर झाला. लेखनाची प्रेरणा या नावाने ज्याचा उल्लेख होतो ते माझ्या बाबतीत एवढेच असते: एखादे वाक्य जसे व्हायला हवे तसे झालेले नसते आणि ते तसेच सोडून उठवत नाही. ही अस्वस्थता मला बऱ्याच काळाने भेटली. ती विषयाच्या मोठेपणातून आली नव्हती. पानाच्या टोकाचा थेंब हा काही मोठा विषय नव्हे. मी जे पाहिले होते ते मला आधी ठाऊक नव्हते, आणि म्हणून त्याचे वाक्यही माझ्याकडे तयार नव्हते.

शाळेत आपल्याला चेतनगुणोक्ती नावाचा अलंकार शिकवतात, आणि मराठी ललित लेखनाने तो इतका मनावर घेतला आहे की आमच्याकडे पाऊस हसतो, वारा कुजबुजतो, वेली लाजतात आणि खिडकीतले रोप उजेडाकडे आशेने पाहते. कुंड्यांच्या वहीत ही सवय चालेना. खिडकीजवळचा मनीप्लांट काचेकडे कलला होता आणि मी नोंदीत ‘उजेडाच्या ओढीने वळला’ असे लिहून गेले. ओढ कशी असेल, या शंकेने मी वाचायला घेतले. चार्ल्स डार्विन यांनी त्यांचा मुलगा फ्रान्सिस याच्यासह केलेले यासंबंधीचे प्रयोग १८८० साली प्रसिद्ध झाले. त्यांनी गवताच्या कोवळ्या अंकुरांच्या टोकांवर उजेड न जाऊ देणाऱ्या टोप्या घातल्या, तेव्हा टोकाखालचा भाग वाकेनासा झाला. म्हणजे उजेड टोकाला कळतो आणि वाकणे खाली घडते. मधे काहीतरी प्रवास करीत असले पाहिजे. ते ‘काहीतरी’ म्हणजे ऑक्सिन हे संप्रेरक, जे फ्रिट्स वेंट यांनी १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात ओटच्या अंकुरांवर प्रयोग करून वेगळे दाखवले. ते सावलीकडच्या बाजूला अधिक जमते, त्या बाजूच्या पेशी अधिक लांबतात, आणि अंधारातली बाजू लांब झाल्यामुळे खोड उजेडाकडे वाकते.

नोंदीतले वाक्य मी खोडले आणि ‘काचेच्या उलट बाजूने खोड अधिक वाढले आहे, कुंडी फिरवली’ असे लिहिले. अलंकार काढला की वाक्य रुक्ष होते असा माझा समज होता, पण हे वाक्य आधीच्यापेक्षा मला जास्त विलक्षण वाटले, कारण त्यात मी नव्हते. मनीप्लांटची ओढ ही माझी ओढ होती. खोडाची वाढ त्याची होती. पुढे पहिल्या वहीत लिहिताना, म्हणजे माणसांविषयी लिहितानासुद्धा, मला हा फरक जाणवू लागला. स्टेशनबाहेर गजरे विकणाऱ्या बाईच्या डोळ्यांत मी पूर्वी हमखास काहीतरी पाहत असे. आता तिच्या हातांकडे पाहते, दोरा ती कोणत्या बोटाला गुंडाळते, कळ्या किती अंतराने घेते, आणि तेवढे लिहिले तरी ते पुरते. झाडांशी बोलू नये, असे मात्र माझे म्हणणे नाही. मी स्वतः बोलते. फक्त वहीत लिहीत नाही.

नोंदींचा एक अगदी व्यावहारिक परिणामही झाला. आमचे घर पोखरण रस्त्याच्या बाजूला आहे. गॅलरी पश्चिमेला येऊरच्या डोंगराकडे उघडते आणि बैठकीच्या खोलीची एक खिडकी दक्षिणेला आहे. कोणत्या कुंडीला किती वाजता ऊन लागते हे लिहिताना ध्यानात आले की मे महिन्याच्या मध्यास सूर्य ठाण्यात दुपारी अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा ऊन आत येतच नाही; पश्चिमेकडून मात्र दुपारी तीननंतर एवढे कडक येते की हिरवी जाळी लावावी लागते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली उतरलेला असतो आणि त्याच खिडकीतून ऊन सोफ्याच्या पाठीपर्यंत पोहोचते. माझे लिहायचे टेबल इतकी वर्षे शयनगृहात, भिंतीकडे तोंड करून होते, कारण ते तिथे मावत होते. घरातला सर्वांत चांगला उजेड टीव्हीच्या कपाटाला मिळत होता. आम्ही कपाट हलवले आणि खिडकीशी टेबल, त्याच्या बाजूला रबरप्लांट आणि स्नेक प्लांट, अशी मांडणी केली. घोडबंदर भागात मेट्रोचे काम सुरू झाल्यापासून धुळीला तोटा नाही. रबरप्लांटच्या रुंद पानांवर ती थराने बसते आणि तेवढा उजेड पानापर्यंत पोहोचत नाही, म्हणून ओल्या फडक्याने पाने पुसावी लागतात. पान पुसण्यासाठी खुर्चीत बसावे लागते, आणि बसल्यावर वही समोरच असते. प्रेरणेचा बराचसा प्रश्न फर्निचरचा असतो, हे मला कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते.

वाढ दिसत नाही, ही तक्रार कुंड्या ठेवणारे आणि लिहिणारे दोघेही करतात. जगदीशचंद्र बोस यांनी झाडाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ नावाचे यंत्र तयार केले होते, ते याच कारणाने: साध्या डोळ्याला ती त्या त्या क्षणी दिसणे शक्यच नाही. माझ्याकडचे झेडझेड प्लांट तर याबाबतीत कमालीचे निर्विकार आहे. मातीखालच्या जाड गड्ड्यांत ते पाणी साठवून ठेवते, महिनोन्‌महिने तसेच्या तसे उभे राहते, आणि मग एकाएकी मातीतून एक जाड हिरवा कोंब वर येतो. नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘बदल नाही’ एवढेच ओळीने लिहिलेले आहे. रोज शब्द मोजण्याच्या काळात असा एखादा दिवस मला अपराधी करून सोडत असे. ‘बदल नाही’ ही सुद्धा पूर्ण नोंद आहे, आणि ती लिहिण्यासाठीही जाऊन पाहावे लागतेच, हे पटल्यावर मी पहिल्या वहीपाशीही रोज जाऊ लागले. लिहायलाच हवे असे नव्हते. उघडायची, कालचे वाचायचे, काही हलत नसेल तर मिटायची. पाण्याचेही मी तेच करत होते; रोज जाऊन बोट घालून पाहणे हे काम, आणि पाणी घालणे हे लागेल तेव्हाचे.

पावसाळ्यात या दोन वह्यांची वेळापत्रके एकमेकींवर आदळतात. संपादकांकडून आठवण येते तेव्हाच छाटलेल्या काड्या मातीत जोमाने लागत असतात. हवेतली ओल, ढगाळ उजेड आणि बेताचे तापमान यांमुळे काडी सुकायच्या आत तिला मुळे फुटतात, म्हणून लावालावीची सगळी कामे आषाढावर ढकललेली असतात. त्यात बुरशी, जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण, आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचणारे पाणी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात; म्हणून आरोग्य खाते आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगते, म्हणजे त्या दिवशी सगळी भांडी, पिंपे, फ्रीजमागचा ट्रे, ताटल्या रिकाम्या करून, घासून, वाळवायच्या. आमच्याकडे तो शुक्रवार. घरभर उलथापालथ असल्यामुळे त्या दिवशी लिहिणे होत नसे, आणि काही आठवड्यांनी मी ते अधिकृतच करून टाकले: शुक्रवारी पहिली वही बंद. शनिवारी ती उघडताना जी उत्सुकता असते ती एरवीच्या दिवसांना नसते. एका संपादकांना मी फोनवर हे कारण सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ थांबून म्हणाले, ‘बाई, बाकीचे सहा दिवस तरी ओले जाऊ द्या.’

मनीप्लांट चोरून आणला तरच लागतो, अशी समजूत आमच्या इमारतीत पक्की आहे, आणि तिचे परिणाम जिन्यात दिसतात. कोणाच्याही दारातल्या बाटलीतली काडी केव्हाही कमी होऊ शकते. गंमत अशी की ही चोरी म्हणजे एका अर्थी आपलीच वस्तू आपण नेण्यासारखे आहे. मनीप्लांट मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरचा. तो जवळजवळ कधीच फुलत नाही, कारण फुलोऱ्याला लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक त्याला पुरेसे तयार करता येत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ते संप्रेरक फवारून त्याला फुले आणली गेली, तोपर्यंत आपोआप फुलल्याची शेवटची नोंद १९६४ची होती. फूल नाही, म्हणून बी नाही, म्हणून घरोघरचे मनीप्लांट काडीपासून काडी असेच वाढवलेले असतात, म्हणजे एका अर्थी एकाच झाडाचे तुकडे. मला त्यात अधिक रस वाटला तो पानांच्या आकारामुळे. टांगलेल्या कुंडीतून खाली लोंबणाऱ्या वेलीची पाने लहान लहान होत जातात. तीच वेल एखाद्या खोडावर चढली, तिच्या पेरांवरच्या मुळांना धरायला काही मिळाले, की पाने मोठी होत जातात, अगदी हातभर लांब आणि कडेने फाटलेली. ठाण्यातल्या जुन्या आवारांत नारळावर चढलेला मनीप्लांट पाहून हे आपल्या बाटलीतलेच झाड आहे यावर विश्वास बसत नाही. मी काथ्या गुंडाळलेली काठी आणून कुंडीत रोवली. पाने मोठी झाली.

विषय ठरवून दिलेला असला तर लेखन कृत्रिम होते, असे मी मानत आले होते आणि म्हणून नेमून दिलेले विषय टाळत होते. त्या वर्षी ठाण्याच्या तलावांवर लिहाल का, अशी विचारणा आली आणि मी होकार दिला. काठीला काही श्रेय द्यायचे तर ते इथे. मासुंदा, कचराळी, उपवन येथे मी वही घेऊन हिंडले, जलपर्णी कुठे किती पसरली आहे, तिच्या देठांतल्या फुगीर हवेच्या कप्प्यांमुळे ती कशी तरंगते, काठावरच्या झाडांच्या फांद्या पाण्याकडे का झुकतात, हे लिहीत गेले. जुने संदर्भ पाहायला मराठी ग्रंथ संग्रहालयात बसले. १८९३ साली सुरू झालेली ही संस्था घरापासून जवळ असूनही मी तिथे क्वचितच जात असे, कारण आठवणींवर लिहिणाऱ्याला ग्रंथालयाची गरज भासत नाही. तो लेख वेळेत गेला.

झाड आणि लेखन यांची साम्ये दाखवत बसणे मला फारसे आवडत नाही. ती इतकी सहज सापडतात की त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. एक मात्र मी वापरते, कारण ती हाताने करायची गोष्ट आहे. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर खुडल्या नाहीत तर झाड बी धरण्याच्या मागे लागते, खालची पाने गळतात आणि नुसत्या काटक्या उरतात. मंजिरीसकट शेंडा खुडला की त्याखालच्या पानांच्या बगलेतले डोळे फुटतात आणि एका फांदीच्या दोन होतात. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन, तेच ते डार्विन पितापुत्रांच्या अंकुरातले, खालच्या डोळ्यांना दाबून ठेवत असते; शेंडा गेला की ते मोकळे होतात. मी एकदा हे काम करत असताना शेजारच्या काकू आल्या.

‘अगं, आज द्वादशी. आज तुळशीला हात लावायचा नाही.’

‘काकू, पानं नाही तोडत. मंजिऱ्याच खुडतेय.’

‘मंजिरी काय तुळशीची नाही होय?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. काम एक दिवस लांबले आणि त्या रिकाम्या वेळात मी तलावांच्या लेखाचा खर्डा पुन्हा वाचला. त्याचा शेवटचा परिच्छेद मला फार आवडलेला होता. किंबहुना सगळा लेख त्याच्याकडेच धावत होता, आणि म्हणून मधली माणसे, म्हणजे गळ टाकून बसणारे, पहाटे फेऱ्या मारणारे, निर्माल्य कुठे टाकावे यावर वाद घालणारे, प्रत्येकी एका ओळीत आटोपली होती. मी तो परिच्छेद काढला. शेवटाची घाई संपल्यावर मधल्या त्या ओळींना जागा झाली आणि त्यांतल्या दोघांची पाने झाली. त्रयोदशीला तुळसही खुडली.

या सगळ्यावर मैत्रिणींची प्रतिक्रिया बहुधा अशी असते की झाडांमुळे घरातली हवा शुद्ध होते, त्यामुळे मन प्रसन्न राहते, आणि म्हणून लिहायला सुचते. या समजुतीचे मूळ ‘नासा’च्या १९८९च्या एका अहवालात आहे, ज्यात बंदिस्त पेटीत ठेवलेली झाडे हवेतली काही रसायने कमी करतात असे दिसले होते. राहत्या घराची हवा मात्र दारे-खिडक्यांतून सतत बदलत असते, आणि २०१९ साली अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा त्या बदलणाऱ्या हवेची बरोबरी साधायला दर चौरस मीटर जागेत १० ते १००० झाडे लागतील असा हिशेब निघाला. तेवढी झाडे ठेवली तर आम्हाला जिन्यात राहावे लागेल. मला हा हिशेब आवडला, कारण त्याने झाडांवरचे ओझे उतरवले. अलीकडे झाडे आणि लेखन दोन्ही उपचार म्हणून विकले जातात: ताण घालवा, झोप सुधारा, मन मोकळे करा. कुंड्यांच्या वहीने माझे मन मोकळे केले असे मला वाटत नाही. तिने ते गुंतवले. अळवाचा थेंब आज का नाही, या प्रश्नात गुंतलेल्या माणसाला आपण लिहीत का नाही हा प्रश्न पडायला सवड मिळत नाही, आणि तेवढ्यात लिहिणे होऊन जाते.

आता आमच्या पश्चिमेला, येऊरच्या डोंगराच्या अलीकडे, एक नवीन टॉवर उठतो आहे. सध्या तो आमच्या मजल्याच्या बराच वर पोहोचला आहे आणि गॅलरीतले ऊन, नोंदींनुसार, गेल्या वर्षीच्या निम्म्यावर आले आहे. स्नेक प्लांट आणि झेडझेड यांना त्याचे काही वाटणार नाही, अळूही निभावून नेईल, पण तुळस आणि जास्वंद यांना दिवसाचे चार-सहा तास थेट ऊन हवे. दक्षिणेच्या खिडकीत जागा नाही. तिथे टेबल आहे आणि ते मी हलवणार नाही. उरली गच्ची. गच्चीवर कुंड्या ठेवायला सोसायटीची परवानगी लागते, आणि गळतीच्या भीतीने कमिटी ती सहसा देत नाही. मी अर्ज लिहायला घेतला आहे. त्यात दोन्ही वर्षांच्या उन्हाच्या वेळा आहेत, पाणी वॉटरप्रूफिंगपर्यंत झिरपू नये म्हणून कुंड्या विटांवर कशा ठेवता येतील ते आहे, ताटल्या आणि शुक्रवार आहे, आणि द्वादशीचाही एक उल्लेख आला आहे, कारण काकूंचे यजमान कमिटीत आहेत. माझ्या यजमानांनी तो वाचून, अर्ज अर्ध्या पानाचा असतो, असे सांगितले. माझा साडेतीन पानांचा झाला आहे, आणि अजून जास्वंदीचा मुद्दा यायचा आहे.